ग्रंथात लिहिले आहे म्हणून? बायबल, अमेरिकेतील गुलामगिरी आणि ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न

‘ग्रंथ वाईट नसतो, त्याचा अर्थ लावणारे वाईट असतात.’ हे वाक्य ऐकले नाही असा कार्यकर्ता आपल्या चळवळीत सापडणार नाही. मनुस्मृतीचा विषय काढला की प्रक्षेपाची गोष्ट निघते. गीतेचा विषय काढला की गुणकर्माची गोष्ट निघते. शेवटी सल्ला ठरलेला असतो: ग्रंथाशी भांडू नका, त्याचा खरा अर्थ समजून घ्या.

या युक्तिवादाला उत्तर देताना आपण बहुधा इथलेच दाखले देतो. या लेखात आम्ही मुद्दाम बाहेरचा दाखला घेत आहोत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नेमका हाच वाद झाला. ग्रंथ होता बायबल आणि प्रश्न होता गुलामगिरीचा. दोन्ही बाजू ख्रिश्चन होत्या आणि दोन्ही बाजू त्याच पुस्तकाची पाने उलटत होत्या. हा वाद प्रवचनांत, पुस्तिकांत आणि ग्रंथांत छापला गेला, त्यामुळे कोण काय म्हणाले आणि शेवट कसा झाला याची नोंद आपल्यासमोर आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख ख्रिश्चन बांधवांच्या विरोधात लिहिलेला नाही. दलित ख्रिश्चनांचे आरक्षण असो की चर्चवरचे हल्ले असोत, आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे आणि राहू. इथे प्रश्न आहे तो ग्रंथप्रामाण्याच्या तत्त्वाचा. ते तत्त्व कोणत्याही धर्मात असले तरी दुबळ्या माणसाच्या वाट्याला काय आणते, हे आपल्याला पाहायचे आहे.

‘ईश्वरप्रेरित’ म्हणजे काय?

आपल्याकडे वेद ‘अपौरुषेय’ मानतात, म्हणजे ते कोणा माणसाने रचलेले नाहीत. ख्रिश्चन श्रद्धा थोडी वेगळी आहे. बायबल माणसांनी लिहिले हे तिला मान्य आहे; मोशे, दावीद, पौल, लूक ही लेखकांची नावेही परंपरा सांगते. पण लिहिणाऱ्याच्या मागे देवाचा आत्मा होता, असे ती मानते. नव्या करारातल्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेखांसाठी एक ग्रीक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘देवाने श्वास फुंकलेले’ असा होतो. ईश्वरप्रेरणेच्या सिद्धांताचा एक मोठा आधार हाच शब्द आहे. देवाची प्रेरणा आहे म्हणून अधिकार आहे आणि अधिकार आहे म्हणून आज्ञापालन आहे, अशी ही साखळी.

आता इतिहास पाहा. या ग्रंथाची यादीसुद्धा माणसांनी ठरवली. नव्या कराराची आज मान्य असलेली २७ पुस्तके नेमकी त्याच संख्येत सांगणारी, आपल्या हाती असलेली पहिली यादी इसवी सन ३६७ मधली आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ती आपल्या पत्रात दिली. आजही कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. देवाच्या शब्दाची हद्द कुठे संपते यावरच एकमत नाही.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पोपची सत्ता नाकारली आणि अंतिम अधिकार पोपकडून काढून शास्त्राकडे दिला. युरोपच्या इतिहासात हे मोठे बंड होते, ते नाकारण्याचे कारण नाही. सामान्य माणसाच्या भाषेत बायबल आले आणि वाचायला शिकणे हे धार्मिक कर्तव्य ठरले. पण त्यातून एक नवी अडचण जन्माला आली. पोप निदान जिवंत माणूस होता. तो बदलला तर निर्णय बदलू शकत होता. पुस्तक बदलत नाही. पुस्तकात अन्यायाला परवानगी असेल तर दाद कोणाकडे मागायची?

अमेरिकेत जाऊन वसलेले बहुसंख्य गोरे प्रोटेस्टंट होते. ही अडचण सोबत घेऊनच ते तिथे गेले.

गुलाममालकांची बाजू

आज आपल्याला वाटते की गुलाममालक बायबलचा विपर्यास करत असतील. तसे असते तर वाद सोपा होता. वस्तुस्थिती अशी की शब्दाला शब्द लावून पाहिले तर त्यांची बाजू भक्कम होती.

व्हर्जिनियातला बाप्टिस्ट पाळक थॉर्नटन स्ट्रिंगफेलो याने १८४० च्या दशकात ही बाजू सविस्तर मांडली. अशा लेखनातले मुद्दे साधारण असे असत. अब्राहाम हा देवाचा लाडका आणि त्याच्याकडे दास होते. दहा आज्ञांमधल्या शेवटच्या आज्ञेत शेजाऱ्याच्या ज्या गोष्टींचा लोभ धरू नये त्यांत बैल आणि गाढवाच्या जोडीला दास आणि दासीही आहेत. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आजूबाजूच्या लोकांमधून दास विकत घ्यायला, कायम ठेवायला आणि मुलाबाळांना वारशाने द्यायला परवानगी आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात तर मालकाच्या मारहाणीनंतर दास एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास हे त्याचेच धन आहे.

हा जुना करार झाला. नव्या करारात येशूने दास्याचा निषेध केल्याचे एकही वचन दाखवता येत नाही. इफिस, कलस्सै, तीत, तीमथ्य आणि पेत्र या पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेश आहे. पौलाने ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या मालकाकडे परत पाठवले. तो मालक म्हणजे फिलेमोन, आणि पौलाचे त्याला लिहिलेले पत्र बायबलमध्ये आहे.

मग मालकांचे वकील विचारत: देव ज्याला परवानगी देतो त्याला पाप म्हणणारे तुम्ही कोण? देवापेक्षा तुम्ही जास्त नीतिमान आहात काय?

हा प्रश्न लक्षात ठेवा. सगळी मेख त्यातच आहे.

प्रश्न फक्त दक्षिणेतल्या मालकांचा नव्हता. उत्तरेतल्या अँडोव्हर इथल्या धर्मशास्त्र विद्यालयात मोझेस स्टुअर्ट हे हिब्रू भाषेचे नामवंत पंडित होते. गुलामगिरी त्यांना स्वतःला आवडत नव्हती. पण १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा होऊ घातला तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नये असे अनुवाद पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे. स्टुअर्टांनी सांगितले की ही आज्ञा परधर्मीय मालकाकडून पळालेल्या दासापुरती आहे. प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनीही १८३६ मध्ये गुलामगिरी मुळातच पाप आहे असे बायबलवरून म्हणता येत नाही असा निर्वाळा दिला होता. माणूस सज्जन, विद्वान, गुलामगिरीबद्दल नाखूश. आणि तरी ग्रंथापुढे हतबल!

विरोधकांची कोंडी

गुलामगिरीविरोधी ख्रिश्चनांनी काय केले? थिओडोर वेल्ड याने १८३७ मध्ये ‘द बायबल अगेन्स्ट स्लेव्हरी’ हे पुस्तक लिहिले. त्याचा मुख्य दावा असा की हिब्रू लोकांमधले दास अमेरिकेतल्या गुलामांसारखे नव्हते, ती स्वेच्छेची चाकरी होती. इंग्रजी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘गुलाम’ऐवजी ‘सेवक’ हाच शब्द असल्याने या दाव्याला बळ मिळे. माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगणारे निर्गमातले वचन दाखवले जाई. सगळी राष्ट्रे एकाच मूळापासून झाली हे प्रेषितांच्या कृत्यांमधले वचन दाखवले जाई. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे गलतीकरांस पत्रातले वचन दाखवले जाई.

वचने खरी होती. पण प्रत्येक वचनाला समोरून दुसरे वचन येई. एक म्हणे, देवाच्या दृष्टीने सगळे समान. दुसरा म्हणे, ती आत्म्याची समता, देह धन्याचाच. आपल्या कानांना हे ओळखीचे वाटते ना? सगळ्यांमध्ये एकच ब्रह्म आहे, पण पाणवठा वेगळा!

यातली सगळ्यात मोठी लबाडी कोणती होती तेही पाहा. बायबलमधल्या दास्याच्या कायद्यांत कातडीच्या रंगाचा उल्लेख नाही. शब्दशः वाचायचे तर गोऱ्या माणसालाही गुलाम करता आले पाहिजे. मग फक्त काळेच गुलाम का? यासाठी उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातली नोहाची गोष्ट पुढे केली जाई. गोष्टीत शाप हामला नाही, त्याच्या मुलाला, कनानला आहे. रंगाचे नाव नाही, आफ्रिकेचेही नाव नाही. तरी ‘हामची शापित संतती म्हणजे काळे लोक’ हे समीकरण प्रवचनांतून पक्के केले गेले. अक्षराला चिकटून राहणारे लोक आपल्या सोयीच्या जागी अक्षर नसतानाही वाचत होते.

म्हणजे ग्रंथप्रामाण्य म्हणजे प्रत्यक्षात ग्रंथाची सत्ता नसतेच. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने ग्रंथाच्या नावाने चालवलेली ती स्वतःची सत्ता असते. ग्रंथ फक्त तिला प्रश्नाबाहेर नेऊन ठेवतो.

ज्यांनी दुसरी कसोटी लावली

गोऱ्यांमध्ये गुलामगिरीविरुद्ध सामूहिक आवाज सगळ्यात आधी कोणी उठवला? क्वेकर पंथाच्या लोकांनी. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे १६८८ मध्ये त्यांच्यातल्या चौघांनी लेखी निषेध नोंदवला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: हे आपल्याशी कोणी केलेले चालेल का? पुढे बराच काळ त्यांच्यातही गुलाममालक होते. आतून झगडा चालला आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम ठेवण्यास बंदी केली.

क्वेकर बायबल मानत, पण अंतिम अधिकार लिखित अक्षराला देत नसत. प्रत्येक माणसाच्या आत एक प्रकाश असतो, तो प्रथम आणि शास्त्र त्यानंतर, अशी त्यांची शिकवण होती. अक्षराला दुसरी जागा देणाऱ्या ख्रिश्चनांनी गुलामगिरी आधी सोडली, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.

दुसरे नाव विल्यम लॉइड गॅरिसनचे. ‘लिबरेटर’ हे त्याचे पत्र १८३१ मध्ये सुरू झाले तेव्हा तोही बायबलचेच दाखले देई. १८४० च्या दशकात त्याच्या लक्षात आले की वचनांच्या या कुस्तीला अंत नाही. संपूर्ण बायबल ईश्वरप्रेरित आहे हे मत त्याने सोडून दिले. ग्रंथातली गोष्ट न्यायाच्या आणि बुद्धीच्या कसोटीवर उतरली तर घ्यावी, नाही तर टाकावी, असे तो म्हणू लागला. ४ जुलै १८५४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथे त्याने भर सभेत अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रत जाळली, कारण ती गुलामगिरीला संरक्षण देत होती. त्याला नास्तिक ठरवण्यात आले आणि अनेक पाद्री त्याच्यापासून दूर झाले. पवित्र मानलेला कागद भर सभेत का जाळायचा असतो, हे महाडचा वारसा सांगणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आणि स्वतः गुलाम?

आतापर्यंत आपण गोऱ्यांचा वाद पाहिला. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता ते या ग्रंथाकडे कसे पाहत होते? इतिहासाचा सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे.

सुरुवातीला मालकांना गुलामांचे धर्मांतर नको होते. ख्रिश्चन झालेला माणूस गुलाम कसा राहील, अशी भीती होती. व्हर्जिनियाने १६६७ मध्येच कायदा करून ती भीती घालवली. बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम गुलामच राहील, असे त्या कायद्याने ठरवले. मग धर्म द्यायला हरकत उरली नाही. फक्त किती द्यायचा ते ठरवायचे होते.

ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. आज तिला ‘स्लेव्ह बायबल’ म्हणतात. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय असतात, यात फक्त २३२ ठेवले होते. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाल्याची कथा गाळली. स्तोत्रसंहिता गाळली. गलतीकरांस पत्रातले समतेचे वचन गाळले. माणूस चोरणाऱ्याला देहदंड सांगणारे वचन गाळले. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे मात्र ठेवले. बायबलचा प्रत्येक शब्द देवाचा मानणाऱ्यांच्या जगात देवाचे बहुतेक शब्द कात्रीने कापले गेले. या आवृत्तीच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत, त्यातली एक अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठात आहे.

अमेरिकेत दुसरा उपाय होता: वाचूच द्यायचे नाही. साउथ कॅरोलायनाने १७४० मध्ये गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा ठरवले. ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने उठाव केला. तो स्वतः गुलाम होता, बायबल वाचणारा होता आणि आपल्या लोकांत प्रवचने करणारा होता. त्यानंतर दक्षिणेत काळ्यांच्या शिक्षणावर आणखी कडक बंधने आली. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तप्त रस ओतावा असे गौतम धर्मसूत्र सांगते. दोन खंडांतल्या दोन व्यवस्था, पण भीती एकच!

आता एक प्रसंग पाहा. जॉर्जियातला प्रेस्बिटेरियन पाळक चार्ल्स कोलकॉक जोन्स गुलामांना धर्मोपदेश करत असे. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की १८३० च्या दशकात एकदा त्याने फिलेमोनच्या पत्रावर प्रवचन दिले आणि पळून जाणे कसे चूक आहे ते सांगू लागला. निम्मे श्रोते उठून सरळ चालते झाले. जे थांबले त्यांच्यातल्या काहींनी नंतर सांगितले की असले पत्र बायबलमध्ये असूच शकत नाही. कोणी म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे. काही म्हणाले, तुझे प्रवचन पुन्हा ऐकायला मिळाले नाही तरी चालेल.

थांबून विचार करा. पत्र बायबलमध्ये होते. पाळक खरे बोलत होता. तरीही आमच्या मते त्या सभेत सत्य उठून गेलेल्यांच्या बाजूला होते. ज्यांना अक्षर वाचू दिले नव्हते त्यांनी अक्षरावर निकाल दिला: माणसाला बेडीत ठेवणारा शब्द देवाचा असू शकत नाही.

हॉवर्ड थर्मन हा विसाव्या शतकातला मोठा काळा विचारवंत. त्याची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून लहानपणी थर्मन तिला बायबल वाचून दाखवत असे. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. कारण त्याने मोठेपणी विचारले तेव्हा तिने सांगितले: मालकाचा गोरा पाद्री आम्हा गुलामांसमोर पौलाचे आज्ञापालनाचे वचनच पुन्हा पुन्हा घेई. तेव्हाच मी ठरवले होते की स्वतंत्र झाले आणि वाचायला शिकले तर बायबलचा तो भाग कधी वाचणार नाही. ही हकीकत थर्मनने १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात दिली आहे. आजी ख्रिश्चनच राहिली, पण ग्रंथातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे तिने आपल्या अनुभवावरून ठरवले. मोठमोठ्या विद्यालयांतल्या पंडितांना जे धाडस झाले नाही ते एका निरक्षर बाईने केले.

फ्रेडरिक डग्लस तर स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला. १८४५ च्या आत्मकथेत तो सांगतो की त्याचा मालक थॉमस ऑल्ड धर्मसभेत जाऊन धार्मिक झाल्यावर जास्त क्रूर झाला. एका अपंग तरुणीला बांधून चाबकाने मारताना तो बायबलमधले वचन म्हणे. धन्याची इच्छा माहीत असून न पाळणाऱ्या दासाला पुष्कळ फटके बसतील, अशा अर्थाचे ते वचन होते. पूर्वी त्याच्या मारण्याला फक्त स्वभावाचे कारण होते, धर्माने त्याला अधिकार दिला. ग्रंथप्रामाण्य क्रूर माणूस निर्माण करत नाही, पण क्रूर माणसाची टोचणी काढून टाकते.

निकाल कोणी दिला?

वचनांचा वाद मिटला नाही, चर्च मात्र फुटली. एका बिशपकडे गुलाम होते या कारणावरून १८४४ मध्ये मेथॉडिस्टांमध्ये फूट पडली. १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना झाली. गुलाममालकांना मिशनरी म्हणून नेमण्याचा प्रश्न त्यामागे होता. १८६० च्या जनगणनेत देशात सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते. १८६१ ते १८६५ या काळात युद्ध झाले, सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. युद्ध संपताना अध्यक्ष लिंकन यांनी आपल्या भाषणात म्हटले की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली.

ती संपवली तोफांनी, पळून जाऊन सैन्यात भरती झालेल्या काळ्या सैनिकांनी आणि कायद्याने. बायबलचा ‘खरा अर्थ’ सापडल्यामुळे ती संपली नाही. पराभवानंतरही रॉबर्ट डॅबनी या व्हर्जिनियाच्या धर्मपंडिताने १८६७ मध्ये पुस्तक लिहून गुलामगिरी बायबलला धरूनच होती असे सांगितले. ग्रंथातले एक अक्षरही बदलले नव्हते, मग त्याचे मत का बदलावे?

पुढे काय झाले? ग्रंथप्रामाण्य सैल होण्याऐवजी अमेरिकेतल्या एका मोठ्या गटात ते आवळले गेले. प्रिन्स्टनच्या ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड यांनी १८८१ मध्ये बायबलची मूळ हस्तलिखिते पूर्णपणे निर्दोष होती असा सिद्धांत मांडला. ती मूळ हस्तलिखिते आज कोणाकडेच नाहीत, म्हणजे तपासण्याचा प्रश्नच मिटला. सदर्न बाप्टिस्टांनी गुलामगिरीतल्या आपल्या भूमिकेबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये, स्थापनेला दीडशे वर्षे झाल्यावर. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी आपल्या श्रद्धापत्रात पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे कलम घातले. त्याला आधार इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा. त्याच पत्राचा सहावा अध्याय दासांना आज्ञेत राहायला सांगतो! एक पान कालबाह्य झाले, शेजारचे पान अजून देवाचा शब्द आहे. कारण काळे लोक लढून सुटले, बायकांची लढाई अजून चालू आहे.

‘पण मुक्तीची प्रेरणाही बायबलनेच दिली ना?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. होय, दिली. निर्गमाची कथा काळ्या लोकांनी आपली मानली. शेकडो मैल पायी चालवत गुलामांना सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक ‘मोशे’ म्हणत. काळ्या लोकांची स्वतंत्र चर्च हीच त्यांच्या चळवळीची घरे होती. आपल्या देशातही अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ख्रिश्चनांचे धर्मचिंतन उभे करताना सुरुवात दलितांच्या वेदनेपासून केली.

पण ही माणसे ग्रंथाकडे गेली ती मुक्तीची ओढ घेऊन. ती ओढ त्यांना ग्रंथाने दिली नव्हती, चाबकाने आणि माणूसपणाच्या जाणिवेने दिली होती. तिच्याशी जुळले ते त्यांनी घेतले. म्हणजे कसोटी मुक्तीची होती, ग्रंथ त्या कसोटीला उतरलेला साक्षीदार होता. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले की तोच साक्षीदार उद्या मालकाच्या बाजूने निकाल देतो.

जोतीराव आणि बाबासाहेब

हा इतिहास आपल्या महापुरुषांना परका नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या शाळांचे महत्त्व त्यांनी मानले, तरी ते ख्रिश्चन झाले नाहीत. त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी कोणत्याच एका धर्मपुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत सर्वांसाठीचे सत्य नाही, अशी भूमिका घेतली. त्यांनी वेद नाकारून दुसरा वेद स्वीकारला नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न सगळ्यात नेमका पकडला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सुधारकांना बजावले की शास्त्रांचा खरा अर्थ वेगळा आहे असे सांगण्यात हशील नाही. लोक शास्त्राचा जो अर्थ धरून वागतात तोच महत्त्वाचा. म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, जसे बुद्धाने आणि नानकांनी नाकारले. थिओडोर वेल्डसारख्या भल्या माणसांच्या कोंडीतून बाहेर पडण्याचा रस्ता हाच होता. अमेरिकेतल्या काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला असल्याचे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते, हेही इथे आठवावे.

मग त्यांनी बुद्ध का निवडला? अनेक कारणे आहेत, त्यातले एक या लेखाच्या गाभ्याशी आहे. १९५० च्या ‘बुद्ध अँड द फ्युचर ऑफ हिज रिलिजन’ या लेखात त्यांनी धर्मसंस्थापकांची तुलना केली. बुद्धाने आपण देवाचा पुत्र किंवा प्रेषित असल्याचा दावा केला नाही आणि आपला शब्द अचूक असल्याचाही केला नाही, हे वेगळेपण त्यांनी तिथे दाखवले. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथातला दाखला किंवा गुरूचा मान यांपैकी कशावरही विसंबून न राहता स्वतः पारखायला सांगितले. ही पारख धम्मग्रंथांनाही लागू आहे.

आपल्यापुरता प्रश्न

मित्रांनो, आता थोडे आपल्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद झाला की ‘बाबासाहेबांनी अमुक खंडात अमुक पानावर लिहिले आहे, विषय संपला’ असे उत्तर येते. पुष्कळदा ते वाक्य त्या खंडात नसतेच. असले तरी त्याने विषय सुरू व्हायला हवा, संपायला नको. बाबासाहेबांनी दाखले दिले, आकडेवारी दिली, युक्तिवाद दिला. ‘मी सांगतो म्हणून माना’ हे त्यांचे लिहिणे नाही. त्यांचे खंड मखरात ठेवून त्यातली वाक्ये मंत्रासारखी म्हणणे म्हणजे ज्या प्रामाण्याला त्यांनी आग लावली तेच त्यांच्या नावाने परत आणणे आहे. आणि एकदा ते परत आले की त्याचा अर्थ लावण्याचा ठेका कोण घेईल, हे अमेरिकेच्या इतिहासाने दाखवले आहे. ज्याच्याकडे व्यासपीठ, पैसा आणि सत्ता असेल तोच घेईल.

म्हणून ‘ग्रंथ वाईट नसतो’ असे पुढच्या वेळी कोणी म्हणाले की वचनांच्या कुस्तीत उतरू नका. एकच विचारा: या ग्रंथातली एखादी गोष्ट अन्यायाची आहे असे मला वाटले, तर ती नाकारण्याचा अधिकार मला आहे की नाही? आहे, असे उत्तर आले तर तो ग्रंथ आपला सोबती होऊ शकतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो. नाही, असे उत्तर आले तर जॉर्जियातल्या त्या प्रवचनातून उठून गेलेल्या निनावी बाया-माणसांसारखे आपणही उठावे.

जय भीम! नमो बुद्धाय!